वाफेच्या पलीकडचं आकाश

15 जानेवारी 1962 रोजी कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, अगदी समुद्रालगत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झालं. बरोबर एका आठवड्याने, 22 जानेवारीला, मुंबईत कडाक्याची थंडी पडली. सांताक्रूझला किमान तापमान 7.4 अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं. मुंबईतल्या थंडीचा तो उच्चांक आजही सांगितला जातो. त्याच तारखेला कुलाब्याच्या वेधशाळेची नोंद होती 11.7 अंश. एकाच शहराच्या दोन टोकांत चार अंशांहून जास्त फरक.

ही थंडी आणि ती इमारत यांचा नेमका दुवा जुळायला पुढे वीसेक वर्षं जावी लागली. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता : डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण हवेतून किती आरपार जातात आणि त्यांना अडवतं कोण? दिवसभर तापलेली जमीन रात्री निवते ती याच किरणांच्या रूपाने उष्णता आकाशात सोडून. दूरच्या ताऱ्यांच्या जन्मस्थानांतून येणारा प्रकाशही बराचसा याच जातीचा असतो. पहिल्या किरणांना खालून वर जायचं असतं, दुसऱ्यांना वरून खाली यायचं असतं. वाट एकच आणि अडवणाराही एकच, पाण्याची वाफ.

अवरक्त किरणांचा शोध 1800 साली विल्यम हर्शेल यांनी लावला. लोलकातून गेलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे ठेवलेला तापमापक चढला. साठ वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी वेगवेगळे वायू नळीत भरून त्यांच्यातून उष्णतेचे किरण सोडले. हवेचा जवळजवळ सगळा भाग ज्यांचा, ते नायट्रोजन आणि ऑक्सिजन या किरणांना अडवत नाहीत. अत्यल्प प्रमाणात असलेली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र त्यांना शोषून घेतात, असं त्यांना दिसलं. इंग्लंडवरच्या हवेतली वाफ उन्हाळ्यातल्या एका रात्रीपुरती जरी काढून घेतली, तरी सकाळपर्यंत तिथली नाजूक झाडंझुडपं गारठून मरतील, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

पण ही वाफ सगळ्याच अवरक्त किरणांना सारखं अडवत नाही. आपल्या पायांखालची जमीन सर्वांत जोमाने किरण सोडते ते साधारण 10 मायक्रॉन लांबीच्या लहरींचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि नेमक्या 8 ते 13 मायक्रॉनच्या दरम्यान वाफेची शोषणशक्ती कमी पडते. शास्त्रज्ञ या पट्ट्याला वातावरणाची खिडकी म्हणतात. तिच्या मधोमध, 9.6 मायक्रॉनच्या आसपास ओझोनची एक अरुंद आडकाठी आहे. 15 मायक्रॉनजवळ कार्बन डायऑक्साइड वाट बंद करतो. त्याहून लांब लहरींसाठी पुन्हा वाफेची भिंत, ती थेट मिलिमीटरच्या जवळपास जाईपर्यंत. हवा कोरडी असेल तर खिडकी स्वच्छ असते. दमट हवेत तीही धूसर होते. जानेवारी 1962 मध्ये उत्तरेकडून कोरडी, गार हवा खाली उतरली, आकाश निरभ्र राहिलं आणि सांताक्रूझच्या जमिनीची उष्णता रातोरात निघून गेली. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र. ते पाणी रात्रभर ऊबही देत होतं आणि वाफही. म्हणून तिथे पारा इतका उतरला नाही.

या खिडकीचा अभ्यास करणाऱ्यांत हिंदुस्थानच्या हवामान खात्याची माणसं फार लवकर होती, हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. जॉर्ज सिम्पसन हे 1906 पासून सिमल्यात या खात्यात होते. मधली काही वर्षं ते कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकावर गेले आणि परत आले. 1920 साली ते लंडनच्या हवामान कार्यालयाचे प्रमुख झाले. तिथून 1928 मध्ये त्यांनी पृथ्वीच्या उष्णतेच्या जमाखर्चावर निबंध लिहिले आणि वाफ कुठल्या लांबीच्या लहरींना पूर्ण अडवते, कुठल्या मोकळ्या सोडते याची ढोबळ पण कामाची विभागणी मांडली. त्याच वर्षी हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात आणि बसचा थांबाही त्याच नावाने ओळखतात.

या खात्यात सी. व्ही. रामन यांच्याकडे कलकत्त्यात घडलेले दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ होते : के. आर. रामनाथन आणि एल. ए. रामदास. दोघांनाही वातावरणाचं वेड. दोघांच्या कामाची दिशा मात्र एकमेकांच्या अगदी विरुद्ध होती. एकाने नजर वर सोळा-सतरा किलोमीटरवर लावली, दुसऱ्याने जमिनीपासून वीतभर उंचीवर.

रामनाथन आग्र्याहून सोडल्या जाणाऱ्या निरीक्षण-फुग्यांच्या नोंदी तपासत होते. फुग्याला हलकं स्वयंलेखी उपकरण बांधायचं, फुगा उंच जाऊन फुटला की उपकरण कुठल्यातरी शेतात पडायचं, आणि सापडलं तर त्यावरच्या रेघांवरून वरच्या हवेचं तापमान वाचायचं, अशी ती रीत. जगभरच्या अशा नोंदी एकत्र करून रामनाथन यांनी 1929 साली ‘नेचर’मध्ये पृथ्वीभोवतीच्या हवेच्या तापमानाचं 25 किलोमीटरपर्यंतचं चित्र मांडलं. त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. आपल्याला वाटतं, खाली जिथे बर्फ तिथे वरही सर्वांत थंडी असणार. प्रत्यक्षात खालच्या वातावरणाच्या माथ्यावर सर्वांत थंड हवा आढळते ती विषुववृत्तीय प्रदेशावर, साधारण 17 किलोमीटर उंचीवर, शून्याखाली 80 अंशांच्याही खाली. मुंबई, पुणे, हैदराबाद ही सगळी गावं या थंड छताखाली वसलेली आहेत. हा शोध पुढे आपल्या गोष्टीत फार महत्त्वाचा ठरणार आहे.

रामदास यांच्या कामाची मला व्यक्तिशः जास्त अपूर्वाई वाटते, कारण त्याला महागडं असं काहीच लागलं नव्हतं. पुण्यात ते शेतीच्या हवामानशास्त्राचा विभाग पाहत. निरभ्र, निवांत रात्री उघड्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजायचं, एवढाच उद्योग. पुस्तकी समजूत अशी होती की रात्री जमीन किरण सोडून निवते, म्हणून सर्वांत थंड जागा जमिनीचा पृष्ठभाग आणि तिथून वर जावं तसतशी ऊब. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांना 1932 साली वेगळंच दिसलं. सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटलेली नव्हती, ती जमिनीपासून काही दशांश मीटर वर होती. खाली जमीन तिच्याहून उबदार, वर हवा तिच्याहून उबदार, आणि मध्ये हा गार थर. मोजण्यात काहीतरी गफलत झाली असेल, असं परदेशातल्या अनेकांनी गृहीत धरलं. कारण खालची हवा उबदार, म्हणजे हलकी. ती वर उठून मिसळून जायला हवी, थर टिकायलाच नको. पण हळूहळू इतर ठिकाणांहूनही तशाच नोंदी येऊ लागल्या आणि या थराला रामदास यांचंच नाव मिळालं. तो का टिकतो याची पटण्याजोगी गणिती मांडणी व्हायला 1990 चं दशक उजाडलं. ती बंगळूरला रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. हवेचा तो थर स्वतःच अवरक्त किरण सोडून निवतो, हा त्या उत्तराचा गाभा. हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांचाही त्यात वाटा असल्याचं नंतरच्या प्रयोगांत दिसलं.

1935 साली रामनाथन आणि रामदास एका निबंधावर एकत्र आले. स्वीडनच्या आन्डेर्स ऑन्गस्ट्रॉम यांनी निरीक्षणांवरून एक सूत्र बसवलं होतं : जमिनीलगतच्या हवेत वाफेचा दाब किती आहे एवढं सांगा, आकाशातून जमिनीकडे परत येणारे अवरक्त किरण किती ते मी सांगतो. सूत्र कामाला येत होतं. ते का लागू पडतं याचा खुलासा हवा होता. रामनाथन आणि रामदास यांनी सिम्पसन यांची विभागणी हाताशी धरून, खिडकीतून निसटणारे किरण आणि वाफेने परत पाठवलेले किरण यांच्या हिशेबातून ऑन्गस्ट्रॉम यांच्या सूत्रापर्यंत वाट काढली. त्याच वर्षी, 17 जानेवारी 1935 ला, पुण्यात 1.7 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. पुण्याच्या थंडीचा तो विक्रम. खिडकी सताड उघडी असली की काय होतं, याचा याहून मोठा दाखला तेव्हाच्या पुणेकरांना मिळणं कठीण.

मुंबईला ती खिडकी क्वचितच उघडी मिळते. गिरगावातल्या चाळीच्या गच्चीवर मे महिन्यात झोपणाऱ्या माणसाला हे शास्त्र कुणी शिकवावं लागत नसे; मध्यरात्र उलटली तरी गच्चीचा कोबा पाठीला गरम लागे. त्यातला काही भाग दगडविटांनी दिवसा साठवलेल्या उष्णतेचा. बाकीचा दोष वाफेचा, कारण गच्ची जेवढे किरण वर पाठवते त्यातले बरेचसे वाफ पुन्हा खालीच लोटते. पावसाळ्यात जमिनीलगतच्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे तीसेक हजार रेणू पाण्याचे असतात. हिवाळ्यात उत्तरेचा कोरडा वारा लागला की मग मात्र परळ-लालबागमध्येही पहाटेची जमीन वरच्या हवेपेक्षा गार पडे, हवेचं वरखाली होणं थांबे आणि गिरण्यांच्या धुराचा थर उजाडेपर्यंत वस्तीवरच रेंगाळत राही.

थोडक्यात, अवरक्त किरणांतून आकाश पाहायचं तर मुंबईइतकी गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही. पण या शहराने विज्ञानाला स्वतःपासून लांब पाठवण्याची ही पहिली वेळ नव्हती. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली उभारली. पुढे तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अखंड नोंदी होऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच उभा राहिला, कारण ट्रामच्या वीजप्रवाहाने चुंबकसूच्या हलणार होत्या. मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभारून घेतली, काही काळ दोन्हीकडच्या नोंदी समांतर ठेवल्या आणि मग काम तिकडे हलवलं. शहराशी भांडत न बसता नोंदींची साखळी न तुटू देण्याची ही दृष्टी मला मोठी वाटते. टाटा संस्थेच्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी पुढे महादुर्बीण नारायणगावजवळ खोडदला उभारली. अवरक्तवाल्यांना मात्र जमिनीवर कुठेही जाऊन भागणार नव्हतं. त्यांना वर जायचं होतं.

आणि वर जायची विद्या संस्थेकडे आधीपासून होती. होमी भाभा यांनी 1945 मध्ये संस्था काढली ती बंगळूरला. त्याच वर्षअखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली आणि 1949 मध्ये गेटवेजवळच्या यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत गेली. भाभांचा जीव विश्वकिरणांत. ते मोजायला उपकरणं हवेच्या माथ्यावर न्यावी लागत आणि त्यासाठी फुगे. रबरी फुगा चढतच जातो आणि फुटतो. पॉलिथिनच्या पातळ कापडाचा फुगा एका उंचीवर तासन् तास तरंगत राहतो. असे फुगे संस्थेने 1950 च्या दशकात स्वतः बनवायला घेतले. उड्डाणांसाठी पुढे हैदराबादची जागा निवडली गेली, कारण विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं चुंबकत्व कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांना बाहेरच थोपवतं आणि निरीक्षण स्वच्छ होतं.

इथे रामनाथन यांचं ते थंड छत आडवं आलं. थंड देशांत व्यवस्थित उडणारं प्लॅस्टिक आपल्याकडे सतरा किलोमीटरवर कडक, ठिसूळ होऊन तडकायचं. उष्ण देशाच्या डोक्यावरची हवा युरोप-अमेरिकेच्या डोक्यावरच्या हवेहून थंड, हे 1929 साली कागदावर मांडलेलं सत्य आता फाटक्या फुग्यांच्या रूपाने समोर येत होतं. कापडाची निवड, त्याची जाडी, जोड, चढण्याचा वेग या सगळ्यावर वर्षानुवर्षं काम करून संस्थेच्या माणसांनी ते छत पार करायची रीत बसवली.

आता या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग. फुगे फोडणारी तीच थंडी अवरक्त खगोलशास्त्राची सर्वांत मोठी मित्र आहे. खालची दमट हवा वर चढताना या थराशी पोचते तेव्हा तिच्यातली वाफ गोठून गळून पडते आणि पलीकडे जाते ती जवळजवळ कोरडी हवा. म्हणून या छताच्या वर दर दहा लाख रेणूंमागे पाण्याचे रेणू उरतात जेमतेम चार-पाच. तीस हजारांवरून चार-पाचवर! शिवाय 30 किलोमीटरच्या वर गेलं की एकूण हवाच शंभरात एखादा हिस्सा राहते. खाली जी लांब लहरींची भिंत अभेद्य वाटते, ती तिथे विरळ होऊन जाते.

तिथपर्यंत पोचण्यासाठी संस्थेने एक मीटर व्यासाच्या आरशाची दूर-अवरक्त दुर्बीण बांधली. आर. आर. डॅनियल यांच्या काळात उभं राहिलेलं हे काम एस. एन. टंडन, टी. एन. रंगराजन, आर. पी. वर्मा, एस. के. घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात फळाला आणलं. दुर्बीण हायड्रोजनने भरलेल्या फुग्याखाली टांगलेली, रात्री आकाशात 31 किलोमीटरच्या सुमारास तरंगणारी, आणि तरीही एका ठरावीक ताऱ्यांच्या ढगावर रोखून धरायची! जमिनीवरून आदेश द्यायचे, तोल सांभाळायचा, दिशा राखायची. त्यात अवरक्तातली खास अडचण अशी की दुर्बीण स्वतःही उबदार असल्याने स्वतःच्याच किरणांनी उजळलेली असते. म्हणून दुय्यम आरसा सतत डोलवत ठेवायचा, लक्ष्य आणि शेजारचं रिकामं आकाश आलटून पालटून पाहायचं आणि दोहोंतला फरक तेवढा घ्यायचा. किरण टिपणारे संवेदक द्रवरूप हीलियमने गार केलेले. 1990 च्या दशकातल्या संवेदकांचं तापमान निरपेक्ष शून्यापेक्षा फक्त 0.3 अंश वर असे.

तोवर अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांच्या ‘आयरास’ उपग्रहाने 1983 साली जवळजवळ सगळं आकाश अवरक्तात पाहून घेतलं होतं. मग मुंबईकरांच्या फुग्याला करायला काय उरलं? बरंच. आयरासची दृष्टी 100 मायक्रॉनपर्यंत होती. संस्थेची दुर्बीण त्यापुढे, 150 आणि 210 मायक्रॉनच्या आसपास पाहू शकत होती आणि तिचा आरसाही मोठा होता. नवे तारे जिथे जन्मतात ते धुळीचे ढग इतके थंड असतात की त्यांचा उजेड याच लांब लहरींत सांडतो. साध्या दुर्बिणीला जिथे काळा डाग दिसतो, तिथे या नकाशांत उजळलेले गाभे दिसले आणि त्यांच्यातल्या धुळीचं तापमान काढता आलं.

1999 पासून जपानी शास्त्रज्ञांबरोबरच्या सहकार्यातून याच दुर्बिणीवर एक वर्णपटमापक बसवण्यात आला. तो 158 मायक्रॉनवर, म्हणजे कार्बनच्या आयनांतून निघणाऱ्या किरणांवर नेमका जुळवलेला होता. ओरायन म्हणजे आपल्या मृग नक्षत्रातल्या ढगाचा या किरणांतला नकाशा त्यातून काढला गेला. आकाशगंगेतले वायूचे ढग आपली उष्णता मुख्यतः याच किरणांवाटे बाहेर टाकतात. उष्णता गेली तरच ढग आकसतो आणि आकसला तरच त्यातून तारा घडतो. पुण्यातली जमीन जानेवारीत ज्या मार्गाने निवते, त्याच मार्गाने हे ढगही निवतात. रामदास यांच्या तापमापकांचा आणि या वर्णपटमापकाचा विषय एकच होता.

रामनाथन यांचं नातंही या कामाशी दुसऱ्या वाटेने जुळलं. खात्यातून निवृत्त झाल्यावर 1948 साली ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. त्या प्रयोगशाळेने 1990 च्या दशकात अबूच्या पहाडावर गुरुशिखरला, कोरड्या हवेत, 1.2 मीटरची अवरक्त दुर्बीण सुरू केली. टाटा संस्थेचा अवरक्त वर्णपटमापक 2013 साली लडाखमध्ये हान्लेच्या दोन मीटर दुर्बिणीवर बसला, समुद्रसपाटीपासून 4500 मीटरवर. एक ते अडीच मायक्रॉनच्या आखूड अवरक्त लहरींसाठी वातावरणात ज्या लहान खिडक्या आहेत, त्या तिथल्या कोरड्या, विरळ हवेत चांगल्या उघडतात. दूर-अवरक्तासाठी मात्र हान्लेची उंचीही अपुरीच, तिथे आणखी वर जाण्याला पर्याय नाही.

या साऱ्या प्रवासाची उपयोगी बाजू मराठी घरांत कधीच येऊन बसली आहे. 1983 साली सोडलेल्या इन्सॅट-1ब पासून आपल्या हवामान उपग्रहांवर साधारण 10.5 ते 12.5 मायक्रॉनचा कॅमेरा असतो. ती तीच खिडकी, फक्त वरून पाहिलेली. म्हणून रात्रीच्या अंधारातही अरबी समुद्रावरचे ढग दिसतात आणि ढगाचा माथा जितका थंड तितका तो उंच, हे ओळखता येतं. 1999 च्या इन्सॅट-2ई पासून त्यात आणखी एक डोळा आला, तो मुद्दाम वाफ जिथे किरण अडवते त्या लहरींचा. त्याला जमीन दिसत नाही, वाफेचेच प्रवाह दिसतात. संध्याकाळच्या बातम्यांत कोकणाकडे सरकणारा पांढरा पट्टा पाहताना आपण सिम्पसन यांनी आखलेल्या सीमारेषांमधूनच पाहत असतो.

हैदराबादहून फुगे आजही सोडले जातात, बहुतेक हिवाळ्याच्या महिन्यांत आणि रात्री किंवा पहाटे. काम संपलं की उपकरणं पॅराशूटने खाली येतात आणि वारा नेईल तशी तेलंगण, कर्नाटक किंवा महाराष्ट्रातल्या एखाद्या शिवारात उतरतात. सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या वाचकांना कधी शेतात मोठं पॅराशूट, प्लॅस्टिकचं पातळ कापड आणि खोके सापडले, तर घाबरू नये, उघडूही नये. त्यावर पत्ता आणि सूचना लिहिलेल्या असतात. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावं आणि संस्थेची माणसं येईपर्यंत ते जसंच्या तसं राखावं. त्या खोक्यांत कित्येक वर्षांच्या मेहनतीच्या नोंदी असतात.